माणसांआधी आलेले तंबू

रोट्या भाजून तयार होत्या; त्या खाणारी माणसे मात्र अजून आपापल्या घरी होती.

हेमांगी तोरसेकर छावणीतून शेवटची फेरी मारत होती. तिने प्रत्येक रांगेतला एकेक नळ सोडून पाहिला. पाणी आले, आणि ते कोमटही होते. बाळंतिणींच्या तंबूत पलंगांवर धुतलेल्या चादरी अंथरल्या होत्या. शाळेच्या तंबूत पाट्या होत्या, खडू होते. एका मोठ्या मंडपात लहान मुलांचे बूट मापाप्रमाणे लावून ठेवले होते. भटारखान्यातल्या बायका जाड, कोरड्या रोट्यांच्या चळती कापडात बांधत होत्या. त्या डोंगराळ मुलखातल्या रोट्या आठवडाभर टिकत. वऱ्हाड यायच्या आधी लग्नघरात असते तशी शांतता त्या उजाड पठारावर पसरली होती. यायचे होते ते मात्र वऱ्हाड नव्हते. खिंडीपलीकडच्या देर्वान खोऱ्यातली माणसे यायची होती, आणि आपण येणार आहोत हे त्यांना अजून ठाऊक नव्हते.

ते ठाऊक होते 'पूर्वछाये'ला.

या देशातल्या युद्धाचे हे तिसरे वर्ष. पहिल्या हिवाळ्यात हेमांगी एका मदतसंस्थेची पाणीपुरवठ्याची अभियंता म्हणून पुण्याहून इथे आली, तेव्हा याच पठारावर माणसे उघड्यावर बसलेली तिने पाहिली होती. तंबू आले ते तीन आठवड्यांनी. तोवर कितीतरी लहान मुले गारठून दगावली होती. मदत नेहमी माणसांच्या मागून येते, हे त्या हिवाळ्यात तिच्या मनावर कोरले गेले. त्यानंतर संस्थेच्या पुण्यातल्या कार्यालयात श्रीरंग पाटणकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पूर्वछाया ही भाकीत करणारी यंत्रणा तयार करायला घेतली. तेव्हा तिच्या बाजूने सगळ्यात जास्त भांडली ती हेमांगीच.

"फौजा आपला बेत लपवतात," श्रीरंग सांगायचा, "पण फौजेचं पोट लपत नाही." पूर्वछाया हेरगिरी करत नसे. जे कुणालाही दिसू शकते तेच ती पाहायची, फक्त सगळे एकदम पाहायची. कुठल्या बाजारात वाळवलेल्या कांद्याचा भाव चढला, कुठे खेचरे मिळेनाशी झाली, कुठल्या ओसाड रस्त्याचे खड्डे अचानक बुजवले जाऊ लागले, उपग्रहाच्या छायाचित्रात कुठल्या गावात चुली वाढल्या. या सगळ्याची बेरीज करून ती नकाशावर पुढच्या हल्ल्याच्या जागी एक डाग दाखवत असे. डागाचा रंग पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा लाल होत जाई. मग त्यातून पळणाऱ्या माणसांचा एक बारीक ओघळ निघे आणि डोंगरवाटांनी खाली उतरे. त्या ओघळाच्या टोकाशी संस्था तंबू ठोकत असे.

अट एकच होती. हे भाकीत बाहेर बोलायचे नाही. दोन्ही फौजांनी संस्थेच्या ट्रकना रस्ता दिला होता तो याच कलमावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीतून पहिली माणसे उतरली. मागे डोंगराआड धूर दिसत होता. सकाळपासून ऐकू येणारा तोफांचा आवाज आता थांबला होता. माणसे अनवाणी होती, कुणाच्या अंगावर घरातलेच कपडे होते, आणि समोर तंबू, पाणी, अन्न पाहून ती क्षणभर बुजल्यासारखी उभी राहत होती. हेमांगी बुटांच्या मंडपात थांबली होती. तिथली भाषा तिला बऱ्यापैकी येत असे. थोरल्या बहिणीला तिथे 'एजे' म्हणत, आणि छावणीत सगळे तिला एजेच म्हणत.

ऐबिके नावाची साठीची एक बाई पाठीवर नातीला घेऊन आत आली. मुलीचे पाय खरचटून निळे पडले होते. हेमांगीने स्वतः खाली बसून तिचे पाय पुसले, मोजे चढवले, बूट घातले. ते बरोबर बसले.

"आता घाबरू नका," हेमांगी म्हणाली. बाईला धीर यावा म्हणून ती पुढे बोलत राहिली. "इथं सगळं आहे. आठवडाभर आम्ही तुमचीच तयारी करत होतो."

"कुणाची?"

"तुमची. देर्वानच्या लोकांची."

ऐबिकेने नातीच्या पायातल्या बुटांकडे पाहिले, मग मापाप्रमाणे लावलेल्या ढिगांकडे. "म्हणजे आम्ही येणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

आपण काय बोलून बसलो ते हेमांगीच्या तेव्हा ध्यानात आले.

"माझ्या नवऱ्याला चालता येत नव्हतं," ऐबिके म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. काल घरात काय झाले ते शेजारणीला सांगावे तशी ती सांगत होती. "तोफा सुरू झाल्या आणि खेचर दावं तोडून पळालं. त्याला पाठीवर घ्यायला माझा मुलगा मागं थांबला. मला म्हणाला, तू पोरीला घेऊन हो पुढं. दोघंही आले नाहीत. एक दिवस आधी कळलं असतं, तर मी त्याला खेचरावर बसवून सावकाश आणलं असतं. तू माझ्या नातीच्या मापाचे बूट आणून ठेवलेस, आणि आम्हाला साधा निरोपही पाठवला नाहीस?"

या प्रश्नाला संस्थेचे एक तयार उत्तर होते. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला हेमांगीच ते समजावून सांगत असे. पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ऐबिके नातीचा हात धरून रोट्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

संध्याकाळ व्हायच्या आत हेमांगीने श्रीरंगला फोन लावला. पडद्यावर त्याचा दमलेला चेहरा उमटला. मागे खिडकीत पुण्यातले झगझगीत ऊन होते.

"कमी माणसं गेली या वेळी," तो म्हणाला. "गेल्या वर्षाशी तुलना केलीस तर..."

"श्रीरंग, आपण त्यांना सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं, तूच सांग. खिंडीतून वाट एकच. हजारो माणसं एकदम धावली असती. दोन्ही फौजांनी दुसऱ्याच दिवशी आपले ट्रक अडवले असते. मग पुढच्या खोऱ्यातली माणसं परत उघड्यावर."

"हे मला पाठ आहे."

"मग?"

"पाठ आहे म्हणूनच तिच्यासमोर बोलता आलं नाही."

श्रीरंगने चष्मा काढून डोळे चोळले. "आणखी एक गोष्ट आहे, हेमांगी. उद्या पाऊस पडेल असं आपण म्हटलं, म्हणून पाऊस थांबत नाही. पण माणसं उद्या पळतील असं म्हटलं की ती आजच पळतात. याला आम्ही स्वभंजक भाकीत म्हणतो. उच्चारलं की ते स्वतःलाच मोडतं. मग न उच्चारता काय घडलं असतं, हे कुणालाही कधीच कळत नाही. तुलाही कळणार नाही. असलं ओझं घेऊन माणसाला जगता येत नाही."

"आणि हे ओझं घेऊन येतं?" तिने विचारले.

त्या रात्री तिला वडिलांची आठवण आली. तिचे स्वतःचे गाव धरणात गेले होते. ती तेव्हा शाळेतही जात नव्हती. पण गाव बुडणार हे चार-पाच वर्षे आधीपासून माहीत होते. वडिलांनी घराची चौकट सोडवून आणली, फणसाची रोपे डब्यात लावून आणली, आजोबांच्या समाधीचा दगडही बैलगाडीतून आणला. नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात ते आयुष्यभर कुढले, सरकारला बोल लावत राहिले; पण अधूनमधून म्हणत, "निदान सांगून बुडवलं." लहानपणी तिला या वाक्यात फक्त कडवटपणा ऐकू येई. आता वाटले, त्यात थोडे समाधानही होते.

उन्हाळा सरत आला तेव्हा नकाशावर नवा डाग उमटला. या वेळी तो सोरिखवर होता.

सोरिख हे देर्वानच्या उत्तरेचे लहानसे खोरे. एकच मोठे गाव, भोवती जर्दाळूच्या बागा. डाग दोन दिवसांत नारिंगी झाला. ओघळ निघाला तो याच पठाराकडे. नव्या तंबूंसाठी जागा आखायचा आदेश आला आणि हेमांगीने तो पुढे पाठवला. मग झऱ्यांच्या पाण्याची तपासणी करायची आहे असे सांगून तिने जीप घेतली आणि ती सोरिखला गेली. जाताना वाटेत तिने दोनदा जीप थांबवली. दोन्ही वेळा परत फिरावेसे वाटले, आणि दोन्ही वेळा तिला तो बुटांचा मंडप आठवला.

गावाच्या पंचायतीचा प्रमुख बेर्दान तिच्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. झरे तपासायला ती आधीही दोनदा येऊन गेली होती, त्यामुळे ओळख होती. गावातल्या प्रत्येक घराच्या सपाट, मातीच्या धाब्यावर जर्दाळू वाळत घातले होते, सगळे गाव केशरी दिसत होते. बेर्दानच्या घराच्या धाब्यावर त्याचा बाप तोलेन हातात काठी घेऊन पाखरे हाकत बसला होता. म्हातारा नव्वदीला टेकला होता.

हेमांगीने बेर्दानला बागेत नेले आणि सगळे सांगून टाकले. यंत्रणा काय आहे, ती काय पाहते, नकाशावर काय दिसते. बेर्दानच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळले.

"नक्की येणार ते?" त्याने विचारले.

"नक्की नाही. शंभरातल्या ऐंशी वेळा यंत्रणा बरोबर ठरते."

"आणि उरलेल्या वीस वेळा?"

"लोक आपल्या घरी राहतात."

बेर्दानने एक जर्दाळू तोडला, हातात फिरवला, पण खाल्ला नाही. "तुम्ही माझ्या जागी असता तर, एजे?"

"मी देर्वानची माणसं उतरताना पाहिली आहेत," ती म्हणाली. "मी निघाले असते."

पुढे कितीतरी वेळा तिने हे वाक्य मनात घोळवले. तो आकड्यांबद्दल विचारत होता तोवर ती आकडे सांगत होती. शेवटी त्याने माणसाला विचारले, आणि तिने माणसासारखे उत्तर दिले. त्याने ऐकले ते याच उत्तराचे.

गाव उठायला तीन दिवस लागले. म्हाताऱ्या तोलेनने सगळ्यात जास्त वेळ घेतला. "फौज आली तर येऊ दे की," तो म्हणत राहिला. "माझ्या उभ्या जन्मात दोन फौजा येऊन गेल्या. त्या जातात, झाडं राहतात." शेवटी बेर्दानने त्याला अलगद उचलून खेचरावर बसवले.

सोरिखची माणसे पठारावर उतरली त्या सकाळी हेमांगीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या कामाचा निर्मळ आनंद झाला. माणसे रांगेत, सावकाश येत होती. सोबत शेळ्यांचे कळप होते, विणायचे माग होते, मधमाश्यांच्या पेट्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. एक गरोदर बाई गाडीत गाद्यांवर पहुडली होती. कुणाचे पाय फुटले नव्हते. कुणी मागे राहिले नव्हते. रोट्या अजून भाजायच्या होत्या, निम्मे तंबू उभे राहायचे होते, आणि हेमांगीला त्याचेच हसू येत होते. या खेपेला माणसे तंबूंच्या आधी आली होती.

ऐबिके आपल्या तंबूपाशी उभी राहून ती सगळी रांग संपेपर्यंत पाहत होती. शेवटी तोलेनचे खेचर आले. म्हातारा तोंड फुगवून बसला होता. ऐबिके पुढे झाली आणि काही न बोलता तिने खेचराचा लगाम हातात घेतला.

मग सगळे वाट पाहू लागले.

तोफांचा आवाज आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. नकाशावरचा डाग लाल व्हायच्या ऐवजी फिका पडत चालला. सोरिखची माणसे दिवसातून दहादा उत्तरेच्या डोंगराकडे पाहत. धूर नाही, आवाज नाही. काही तरुण परत जायच्या गोष्टी बोलू लागले. बेर्दानने त्यांना आणखी चार दिवस थांबवले.

ते चार दिवस संपायच्या आतच फौज सोरिखमध्ये शिरली. दोन लॉऱ्या आणि थोडे सैनिक. एकही गोळी झाडली गेली नाही, कारण झाडायची कुणावर? रेडिओवर निवेदन आले: सोरिखचे रहिवासी आपल्या मर्जीने गाव सोडून गेले आहेत, बेवारस घरे आणि बागा गरजू कुटुंबांना देण्यात येत आहेत. ही कुटुंबेही दुसऱ्या आघाडीवरून उखडली गेलेलीच होती. त्यांचीही घरे जळली होती, त्यांच्याही मागे तोफा लागल्या होत्या.

बेर्दान हेमांगीच्या कार्यालयाच्या तंबूत आला. "तुमच्याकडे वरून काढलेली चित्रं येतात ना? मला माझं गाव दाखवा."

तिने टाळायचा प्रयत्न केला, पण तो हलेना. तेव्हा तिने सकाळचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवले. धुराड्यांतून धूर निघत होता. धाब्यांवर माणसांचे बारीक ठिपके दिसत होते. जे जर्दाळू ओले असल्यामुळे सोबत आणता आले नव्हते, ते आता वाळले होते आणि कुणीतरी ते गोळा करत होते. अर्धे धाबे केशरी होते, अर्धे मोकळे झाले होते.

"ते माझं घर," बेर्दान म्हणाला. त्याने पडद्याला बोट लावले आणि लगेच मागे घेतले. "त्यांची पोरंबाळं असतील. खाऊ देत." थोड्या वेळाने त्याने विचारले, "एजे, आम्ही तिथं असतो तर ते खरंच आले असते का? तोफा घेऊन?"

"मला माहीत नाही."

"तुमच्या यंत्राला विचारा."

हेमांगीने श्रीरंगला विचारले, आणि विचारताना आपण केलेलेही सांगून टाकले. त्याने ते आधीच ओळखले होते. त्याने आरडाओरड केली नाही. दोन दिवस घेऊन त्याने यंत्रणा पुन्हा पुन्हा चालवून पाहिली, जणू गाव उठलेच नाही असे धरून.

"दोन्ही चित्रं सारखीच बसतात," तो म्हणाला. "गाव रिकामं झालेलं त्यांना कळलं, म्हणून त्यांनी तोफा आणल्या नाहीत, असंही असू शकतं. किंवा हल्ल्याचा बेत कधी नव्हताच, आणि रिकामं गाव दिसलं म्हणून ते आले. यातलं कुठलं खरं, ते आकड्यांत उरलेलं नाही, हेमांगी. आपणच ते पुसून टाकलं."

'तू' म्हणायच्या जागी तो 'आपण' म्हणाला, हे तिच्या लक्षात आले. तिला त्याचा आधार वाटला नाही.

त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली, आणि तिची कल्पना तिने कधीच केली नव्हती. छावणीला अन्न पुरवणाऱ्या देशांच्या नियमात युद्धविस्थापित कोण, हे स्पष्ट लिहिले होते: प्रत्यक्ष हल्ल्यामुळे ज्याला घर सोडावे लागले तो. सोरिखवर हल्ला झाला नव्हता. त्यामुळे सोरिखची माणसे स्वेच्छेने स्थलांतर केलेली ठरली. त्यांचा शिधा बंद करा, असा आदेश आला. हेमांगीने पत्रे लिहिली, फोन केले, हातापाया पडली. पलीकडची माणसे वाईट नव्हती. ती सहानुभूतीने ऐकून घेत आणि मग एकच प्रश्न विचारत: हल्ला होणार होता याचा पुरावा काय? पुरावा म्हणजे तो नकाशा. तो दाखवला असता तर कलम मोडले असते, आणि तसेही त्या नकाशावर आता काहीच नव्हते.

देर्वानच्या बायकांनी आपल्या वाट्यातले पीठ सोरिखच्या चुलींना द्यायला सुरुवात केली. सगळ्यात आधी ऐबिकेने दिले. पण उपाशी पोटी उपकार घेणे बेर्दानला जड जात होते. एका दुपारी नळावर त्या दोघांची जुंपली. हेमांगी तिथेच, वाहिनीची गळती काढत होती.

"रडगाणं पुरे तुझं," ऐबिके म्हणाली. "तुझा बाप जिवंत आहे. तुझी पोरं जिवंत आहेत. मला असा निरोप मिळाला असता तर मी त्या बाईचे पाय धुतले असते."

"बाप जिवंत आहे," बेर्दान म्हणाला. "आणि रोज सकाळी मला विचारतो, बेर्दान, आपल्याला कुणी हाकललं रे? तू त्यांना शिव्या तरी घालू शकतेस, ऐबिके. त्यांनी तुझं घर जाळलं, हे तुला माहीत आहे. मी कुणाचं नाव घेऊ?"

ऐबिकेने घागर उचलली, आणि मग पुन्हा खाली ठेवली. हेमांगी पान्हा हातात धरून वाकलेली होती ती तशीच राहिली. दोघांनीही तिच्याकडे पाहिले नाही.

महिनाअखेरीस संस्थेने तिला कामावरून मुक्त केले. पत्र सौम्य भाषेत होते, आणि त्यात श्रीरंगच्या हातची एक ओळ असावी असे तिला वाटले. निघायच्या सकाळी ती तोलेनला भेटायला गेली. म्हातारा तंबूबाहेर उन्हात घोंगडीवर बसला होता.

"बाबा," ती त्याच्यासमोर बसत म्हणाली, "तुम्हाला निघायला मी सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. बेर्दानला खोटं बोलता येत नाही." त्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिले. "तू त्यांना येताना पाहिलंस, पोरी?"

"नाही. यंत्राने नकाशावर दाखवलं."

"यंत्रानं पाहिलं?"

"नाही. त्याने हिशेब केला. खेचरांचा, कांद्याचा, रस्त्यांचा."

"म्हणजे कुणीच पाहिलं नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते. "कुणीच काही पाहिलं नाही, आणि आख्खं गाव उठून आलं."

तिने मान खाली घातली. त्याने हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. तो आशीर्वाद होता, निरोप होता, की नुसता उठायला घेतलेला आधार होता, ते तिला कळले नाही.

जीपकडे येताना फोन वाजला. श्रीरंग होता, पण पडद्यावर चेहरा नव्हता. त्याने कार्यालयाचा फोन वापरला नव्हता.

"निघालीस?"

"निघतेय."

"तुझ्या जागी आलेला माणूस आज सकाळपासून तंबूंच्या जागा आखतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "नवी छाया उमटली आहे. सोरिखपेक्षा गडद."

हेमांगी थांबली. "मला का सांगतोयस? मी आता तुमच्यात नाही."

"म्हणूनच. मला कलम आहे, तुला नाही." तो अडखळला. "मी दोन वर्षं नुसते डाग पाहिले गं. काल पहिल्यांदा चित्र मोठं करून बघितलं. तिथं एक शाळा आहे. मैदानावर मुलं काहीतरी खेळत होती. गोल करून, हात धरून. ऐंशी टक्के, हेमांगी. कदाचित थोडं जास्त. आणि उरलेले वीस टक्के म्हणजे काय, ते तू पाहिलंयस. मी नाही पाहिलं."

"श्रीरंग..."

"मी तुला काही कर असं सांगत नाहीये. तसं सांगायचा मला हक्कच नाही."

चालकाने जीप सुरू केली होती. नळावर ऐबिके पाणी भरत होती. तिची नात शेजारी उभी राहून बुटाच्या टाचेने चिखलात खळगा पाडत होती. त्यांच्या मागे, रांगेत, रिकामे भांडे घेऊन बेर्दान उभा होता. हेमांगीने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे श्रीरंगचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने हलक्या आवाजात विचारले,

"गावाचं नाव सांगू?"